ताळेबंदात न मावणारी आळी

सरकारी कागदांतून एखादा शब्द खाली झिरपू लागला की गावोगाव त्याचे पीक येते. 'क्लस्टर' हा तसला शब्द आहे. काजूचे क्लस्टर, बेदाण्याचे क्लस्टर, चांदीचे क्लस्टर, यंत्रमागाचे क्लस्टर. जिल्हा उद्योग केंद्राच्या कुठल्याही बैठकीत पाच मिनिटे बसा, हा शब्द दहा वेळा कानावर पडेल. मराठीत त्याला प्रतिशब्द शोधायला जावे तर अडचण होते. 'उद्योगसमूह' म्हणावे तर तो शब्द टाटा-बिर्लांनी केव्हाच घेऊन टाकला आहे. 'औद्योगिक वसाहत' म्हणावे तर ती निराळीच चीज. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले तेव्हापासून वसाहत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आखलेले भूखंड, रुंद रस्ते आणि पाण्याची उंच टाकी उभी राहते. वस्तुतः जुन्या मराठीत या गोष्टीला चांगला शब्द होता. आळी. पुण्याची तांबट आळी घ्या, किंवा कुठल्याही जुन्या गावातली साळ्यांची, कासारांची आळी घ्या. एकाच धंद्याची माणसे भिंतीला भिंत लावून राहत, एकमेकांचे गिऱ्हाईक पळवत, त्यावरून भांडत, आणि तरीही आळी सोडून जात नसत. ती का जात नसत, या प्रश्नात आजच्या लेखाचा बराचसा विषय आला.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० च्या आपल्या ग्रंथात हाच प्रश्न विचारला होता. शेफील्डला सुऱ्या-कात्र्या आणि लँकेशायरला कापड, असे का? त्याचे उत्तर साधे होते. कसबी कामगार तिथे आयता मिळतो, धंद्याला लागणारे उपधंदे शेजारीच उभे राहतात, आणि धंद्यातली गुपिते फार काळ गुपिते राहत नाहीत. शंभर वर्षांनी, १९९० मध्ये, हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी राष्ट्रांच्या स्पर्धाशक्तीवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि आळीला 'क्लस्टर' हे नाव देऊन जगभरच्या नियोजनकारांच्या टेबलावर ठेवले. तेव्हापासून प्रत्येक देशाला आपल्याकडे क्लस्टर असावे असे वाटू लागले आहे.

मार्शलसाहेबांनी इचलकरंजी पाहिली नव्हती. पाहिली असती तर त्यांना नवे काही सांगावे लागले नसते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा पाठिंबा होता. बाकी अनुकूल असे फार काही नव्हते. कोळसा नाही, बंदर नाही, मोठे शहर जवळ नाही. आज त्या गावात लाखाच्या वर माग आहेत, आणि १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातून कापड उठले ते ज्या भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीत जाऊन बसले, त्यांतले हे एक.

तिथल्या एखाद्या चोवीस मागांच्या कारखान्यात रात्री अकराला माग बंद पडला तर काय होते, ते पाहण्यासारखे असते. मालक घरी झोपलेला असतो. दिवाणजी दोन गल्ल्या ओलांडून जॉबरला उठवतो. जॉबर मागाचा आवाज ऐकूनच निम्मे निदान करतो. सुटा भाग लागला तर तो कुणाकडे मिळेल आणि त्याचे दार कोणत्या बाजूने वाजवायचे, हे त्याला ठाऊक असते. सकाळी बीम संपणार असेल तर सायझिंगवाला शेजारच्या पेठेत आहे. वहिफणी करणारे आहेत, कांड्या भरणाऱ्या बाया आहेत, घडी कामगार आहेत, सूत उधार देणारा व्यापारी आहे आणि तयार कापडाची अडत आहे. यातला एकही माणूस त्या कारखान्याचा नोकर नाही, आणि यातला एक जरी नसला तरी ते चोवीस माग म्हणजे चोवीस लोखंडी सांगाडे. मग त्या कारखान्याचे भांडवल नेमके कुठे आहे? ताळेबंदात दाखवलेल्या मागांत थोडे आहे. बरेचसे भिंतीबाहेर, गल्लीत आहे. तिथे ते कुणा एकाच्या मालकीचे नाही, म्हणून ते कुणी लिहून ठेवत नाही.

हे भिंतीबाहेरचे भांडवल किती चिवट असते, ते कोल्हापूरने दाखवले. ऊस आला, गुळाची पेठ वाढली, नदीचे पाणी मळ्यावर चढवायला ऑइल इंजिने लागू लागली. परदेशी इंजिने दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्र्यांनी ती उघडून पाहिली, मग स्वतः ओतायला सुरुवात केली. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे उद्यमनगरात अजून आदराने घेतली जातात. यातली बरीच मंडळी इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. पुढे गावोगाव वीज आली, विजेचे पंप आले आणि इंजिनाची मागणी ओसरली. तर्काने पाहिले तर कोल्हापूरचे लोखंड तिथेच थंड व्हायला हवे होते. पण मोल्डिंग जाणणारा, कोअर करणारा, लाकडाचा पॅटर्न बिनचूक उतरवणारा आणि भट्टीतल्या रसाचा रंग पाहून 'आता ओत' म्हणणारा माणूस गावातच होता. इंजिने गेली, मोटारींचे सुटे भाग आले. आज कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत आणि त्यांचे कास्टिंग देशातल्या नावाजलेल्या वाहन कंपन्यांना जाते. तमिळनाडूतल्या शिवकाशीचीही अशीच कथा. तिथल्या दोन नाडर तरुणांनी १९२० च्या दशकात कलकत्त्याला जाऊन काड्यापेट्या करण्याची विद्या आणली. काड्यापेटीमागून फटाके आले, आणि दोन्हींच्या लेबलांसाठी छापखाने. पुढे देशभरातल्या भिंतींवरची कॅलेंडरे तिथे छापली जाऊ लागली. कुठल्याही पंचवार्षिक योजनेत 'शिवकाशी येथे मुद्रणनगरी उभारावी' असे वाक्य लिहून हे झाले नसते.

मी बँकेत होतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या भागातल्या एका शाखेत कर्जे पाहत होतो. एक पॅटर्नमेकर यायचा. हात असा की नकाशा एकदा पाहिला की लाकूड त्याचे ऐकायचे. त्याला एक मिलिंग मशीन घ्यायचे होते. आमच्या छापील अर्जात रकाने होते ते इमारतीचे, यंत्राचे, तारणाचे, हमीदारांचे. इमारत भाड्याची, यंत्र जुने, शेतजमीन चार भावांत. मी त्याला म्हटले, "मिस्त्री, उद्या हप्ते थकले तर बँकेने काय न्यायचे?" तो शांतपणे म्हणाला, "मशीन न्या की साहेब. पण चालवायला मला बी न्यायला लागंल."

वरिष्ठ कार्यालयाकडून फाइल दोनदा परत आली. तिसऱ्यांदा गल्लीतल्याच दोन फौंड्रीवाल्यांनी हमी दिली तेव्हा कर्ज मंजूर झाले. ते दोघे त्याचे नातलग नव्हते, मित्र म्हणावे तर तसेही नव्हते. एकाशी तर त्याचे बोलणे बंद होते. पण हा माणूस बसला तर आपल्याही भट्टीला पॅटर्न मिळणार नाहीत, हे त्यांना बँकेपेक्षा चांगले कळत होते. ती पतही गल्लीतच होती, आणि तिलाही आमच्या अर्जात रकाना नव्हता.

हे आपल्याकडे कुणाला सुचलेच नव्हते असे नाही. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने सांगितले होते की बँकांनी सुट्या ऋणकोकडे पाहण्याआधी संपूर्ण क्षेत्राकडे पाहावे. त्यातूनच जिल्ह्याजिल्ह्यांची अग्रणी बँक योजना आली. कल्पना मोठी होती. पुढे तिचे काय झाले? जिल्हा पतयोजनेची जाड पुस्तके झाली, तिमाही बैठका झाल्या, उद्दिष्टपूर्तीचे टक्के निघाले. क्षेत्र बैठकीत राहिले आणि कर्ज पुन्हा सुट्या अर्जदाराला, सुट्या तारणावर. २००० पासून पतहमी निधीची योजना आली आणि तारणाची अडचण काहीशी सैल झाली, हे मान्य केले पाहिजे. पण हमी मिळते ती अर्जदाराची. आळीचा अर्जदार कोण?

सरकारचेही तेच. लघुउद्योगाचे रक्षण करायचे म्हणून १९६७ मध्ये ४७ वस्तू राखीव झाल्या. ही यादी वाढत वाढत आठशेच्या पुढे गेली. राखीव वस्तू होत्या, राखीव आकार होता. त्यामुळे कारखाना मोठा करणे हा जणू अपराध झाला. वाढायचे असेल तर दुसरी फर्म सौभाग्यवतींच्या नावे, तिसरी धाकट्या भावाच्या. असली फर्मांची वंशावळ प्रत्येक बँक अधिकाऱ्याला तोंडपाठ असे. १९९७ मध्ये आबिद हुसेन समितीने हे आरक्षण काढा आणि त्याऐवजी उद्योगांच्या समूहांना हात द्या, असे स्पष्ट सांगितले. आरक्षणातल्या शेवटच्या वीस वस्तू सुटायला २०१५ उजाडले. आता फॅशन उद्यानांची आहे. केंद्राने सात भव्य वस्त्रोद्योग उद्याने ठरवली, त्यांतले एक आपल्या अमरावतीला आहे. विदर्भातल्या कापसाला विदर्भातच गिरणी मिळावी, यात काही चूक नाही, आणि ते यशस्वी व्हावे असेच मी म्हणेन. पण मोकळ्या माळावर रस्ते आणि शेड बांधता येतात, जॉबर बांधता येत नाही. तो तयार व्हायला एक पिढी लागते. जिथे तो तयार आहे, त्या गावात मात्र साधे माग भंगाराच्या भावाने वजनावर विकले जात आहेत. देशाच्या विकासाचा एक रस्ता आळीतून जातो हे एकदा मान्य केले, तर आहे ती आळी आधी, हा क्रम उघड आहे. थोड्या भांडवलात इतक्या हातांना काम देणारी दुसरी व्यवस्था मला तरी ठाऊक नाही. देशातले निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर निघते, आणि ते विणणारे बहुतेक सारे अशाच गावांत आहेत.

आता इथे थांबून आळीचा जयजयकार केला तर ते खोटे ठरेल. आळीला तिचे दुर्गुण आहेत आणि ते तिच्या गुणांतूनच येतात. गुपित राहत नाही, म्हणून नवे डिझाइन काढणाऱ्याला आठ दिवसांत त्याची नक्कल शेजारी दिसते, आणि मग कुणी नवे काढतच नाही. सारे एकच माल काढतात आणि पैशा-पैशाने भाव पाडतात. इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक पाहा. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. याने फक्त पिकाच्या हिशेबाने मजुरी घ्यायची. (हे पीक शेतातले नव्हे. मागावर आडवा धागा एकदा गेला की एक पिक.) मजुरीचा दर काही पैशांनी वाढावा म्हणून तो आंदोलन करतो, आणि त्याच्या मागावर उभा असलेला कामगार त्याच्याविरुद्ध आंदोलन करतो. दोघांच्या डोक्यावरून ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी बालोतरा, पाली, अहमदाबादला निघून जाते. नफ्याचा जाड थर तिकडे बसतो. कामगाराचे कान खडखडाटाने जातात, फौंड्रीतल्या माणसाच्या छातीत वाळू जाते. हा खर्चही भिंतीबाहेरचाच, तोही कुणी लिहून ठेवत नाही.

इटलीतल्या प्रातो गावाचे या संदर्भात फार कौतुक झाले. लहान लहान घरगुती कारखाने, जुन्या लोकरीपासून नवे कापड आणि जगभर विक्री. अभ्यासकांनी त्याला छोट्या उद्योगांची पंढरी ठरवले. त्याच प्रातोत पुढे स्वस्त तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले, चिनी स्थलांतरित तिथेच काम करू आणि तिथेच झोपू लागले, आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये अशाच एका कारखान्याला आग लागून सात माणसे गेली. भाव पाडण्याच्या उतारावरून आळी घसरू लागली की ती युरोपात असली म्हणून वाचत नाही.

घसरायचे नसेल तर आळीला निदान काही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. सरकारला हे कळलेले आहे. 'सामायिक सुविधा केंद्र' नावाची योजना त्यासाठीच आहे. जिथे कारखानदारांनी आपल्या नडीतून ते मागितले, तिथे ते चालते. फौंड्रीतली वापरलेली वाळू पुन्हा कामाची करण्याचा प्रकल्प एकट्याला परवडत नाही, दहा जणांना परवडतो. पण अनुदान आहे म्हणून केंद्र, असा उलटा प्रवास झाला की काय होते तेही मी पाहिले आहे. उद्घाटनाची कोनशिला आणि प्लास्टिकच्या आवरणाखालचे तपासणी यंत्र. ते चालवणारा माणूस नेमायला पैसे नाहीत, कारण योजनेत यंत्राला अनुदान होते, पगाराला नव्हते.

सामायिक नावाचेही तसेच आहे. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मिरवल्या तेव्हा आपल्याला ते मानांकन आठवले. चार दिवस संताप झाला, कंपनीने मूळ कोल्हापूरचे हे मान्य केले. पण त्या आधीची कित्येक वर्षे त्याच नावाने रेक्झिनच्या चपला आपल्याच फुटपाथवर विकल्या जात होत्या, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. नाव सगळ्यांचे होते, म्हणजे राखायला कुणीच नव्हते.

सगळ्यांत अवघड सामायिक वस्तू म्हणजे नदी. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या होजिअरीची वार्षिक निर्यात तीस हजार कोटी रुपयांच्या पुढे आहे. देशाला दाखवायला याहून चांगली आळी मिळणार नाही. पण तिथल्या रंगशाळांनी नोय्यल नदी अशी केली की खाली ओरत्तुपाळयम येथे सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी शेतात सोडू नका, असे म्हणत शेतकरीच न्यायालयात गेले. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगशाळा बंद करायला लावल्या. सांडपाण्याचा थेंबही नदीत जाणार नाही अशी व्यवस्था केल्यावरच त्या उघडायच्या होत्या. त्या वेळी सगळे म्हणत होते, तिरुप्पूर संपले. खर्च प्रचंड झाला, काही रंगशाळा कायमच्या मिटल्या, पण तिरुप्पूर उभे राहिले. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल कारखान्यांचे कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले, तेव्हाही हेच भाकीत झाले होते. मोरबी नैसर्गिक वायूवर गेले आणि चालत राहिले. गॅसचे दर चढले की तिथे अजून कुरकुर होते, पण ती धंदा करणाऱ्यांची कुरकुर आहे. दोन्हीकडे लक्षात घेण्याची बाब ही की न्यायालयाने एकेका कारखान्याला हाताळले नाही. सगळ्यांना एकदम, एकाच दिवशी, एकच नियम. मग भाव पाडून पुढे जायला कुणी उरला नाही.

म्हणून माझे मत असे की आळीच्या सामायिक खर्चाची वर्गणी ऐच्छिक असता कामा नये. कापडाच्या मीटरवर, कास्टिंगच्या किलोवर काही पैसे सक्तीने कापावेत, आणि ते मंत्रालयाच्या तिजोरीत न जाता त्या गावच्याच निधीत जावेत. उसाच्या बिलातून कपात करण्याची सवय महाराष्ट्राला आहेच. तिचा गैरवापर कसा होतो हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्या निधीच्या मंडळावर कारखानदारांबरोबर कामगार हवा, नगरपालिकेचा माणूस हवा आणि नदीच्या खालच्या गावचा शेतकरी हवा. बँकेने कर्ज द्यावे ते या निधीला. सांडपाणी प्रकल्पासाठी द्यावे, तपासणी केंद्रातल्या माणसाच्या पगारासकट द्यावे, जॉबर आणि मोल्डर शिकवणाऱ्या शाळेसाठी द्यावे. परतफेडीला मीटरमागचे पैसे आहेत, आणि माझ्या नोकरीतल्या कितीतरी तारणांपेक्षा ते भरवशाचे आहेत. कारखानदार म्हणतील, भाव वाढेल, माल सुरतेहून येईल. काही दिवस येईलही. त्यासाठी नियम एका गावापुरता न ठेवता देशातल्या साऱ्या यंत्रमाग गावांना एकदम लावावा लागेल, आणि ते काम दिल्लीचे आहे. राष्ट्रीय धोरण म्हणतात ते इथे लागते.

हे लवकर व्हायला हवे असे मला वाटते त्याचे कारण पुन्हा इचलकरंजीच. २०१२ मध्ये तिथे काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. कावीळ रंगाच्या पाण्याने होत नाही, मैलापाण्याने होते. पण मागांच्या मागे धावत वाढलेल्या गावाला गटारे पुरी पडली नव्हती, हे त्यातून दिसले. पंचगंगेचा भरवसा संपला तेव्हा गावाने कृष्णेचे पाणी आणले. ते पुरेना, म्हणून वारणेकडे पाहिले. वारणाकाठची गावे आडवी आली. मग दूधगंगेची योजना पुढे आली, तर कागलकडच्या गावांनी विरोध केला. दोन्ही काठांच्या लोकांचे म्हणणे जवळपास एकच होते. तुमच्या दारातली नदी आधी नीट करा, मग आमची मागा. २०२२ मध्ये इचलकरंजीची महानगरपालिका झाली. पंचगंगा नीट करायचा खर्च त्या महानगरपालिकेने करायचा, सायझिंगवाल्यांनी करायचा, प्रोसेसवाल्यांनी, की नदीकाठी वरच्या अंगाला असलेल्या कोल्हापूर शहराने, यावर आजवर जितक्या बैठका झाल्या, त्या प्रत्येकीला ही सारी मंडळी एकाच वेळी हजर होती असे मात्र कधी ऐकले नाही.